त्या पोराचं बोट कसं आहे?

विद्यानगर, हैदराबाद
२३ जून २०२४

आजी,

तुला फोनवर काही ऐकू येत नाही आणि आम्ही ओरडून बोललो की शेजारचे विचारतात, भांडण चाललंय का. म्हणून बाबा म्हणाले, पत्र लिही. माझं मराठी वाचून हसू नको. शाळेत इंग्लिश आणि तेलुगू, बाहेर सगळे ‘कैकू’ आणि ‘नक्को’. मराठी फक्त घरात, आणि ते पण आई रागावली की जास्त.

नववी सुरू झाली. आमच्या क्लास टीचर ज्योती टीचर आहेत, त्याच गणित शिकवतात. मानसी याही वर्षी माझ्या बाकावर आहे.

मागच्या आठवड्यात प्रार्थनेच्या वेळी मी पडले. हनुवटीला लागलं. आई म्हणते ऊन होतं आणि मी काही न खाता गेले होते, म्हणून चक्कर आली. मग दवाखान्यात माझ्या डोक्याला चिकट काहीतरी लावून खूप वायरी जोडल्या. चक्कर आल्यावर एवढ्या वायरी लागतात का, मला माहीत नाही. आईने सांगितलंय, हे कुणाला बोलायचं नाही. पण तू कुणी नाहीस. म्हणजे तसं नाही, तुला कळलं ना?

मामाआजोबांना नमस्कार सांग.

तुझी तेजू


उदगीर
१ जुलै २०२४

तेजू बाळा,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, मग तुझ्या मामाआजोबानं, अंबाजीनं वाचलं. अक्षर बापापेक्षा बरं आहे. विकासचं पत्र आलं की मला वाटायचं, कोंबडीनं लिहिलं.

उपाशी शाळेत जात जाऊ नको. निदान दूध-भाकरी खाऊन जा. तुमच्याकडं भाकरी होत नसेल तर इडली खा, पण खा.

एक विचारते. पडलीस तेव्हा तुझे हातपाय झटकत होते का? डोळे वर गेले होते का? तुला ते आठवणार नाही. जवळ जे कुणी होतं त्याला विचार. आणि हे मी विचारलं म्हणून घाबरू नको, आईलाही घाबरवू नको.

आजी


विद्यानगर, हैदराबाद
१४ जुलै २०२४

आजी,

हो. झटकत होते. मानसीने सांगितलं. ती म्हणाली, ‘तू ऐसा करी, ऐसा,’ आणि करून दाखवायला लागली, मग माझ्याकडे बघून थांबली.

वायरींचा रिपोर्ट आला. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, हे एपिलेप्सी आहे. मराठीत अपस्मार, पण बाबा म्हणाले तू फिट म्हण. मॅडमनी मला सांगितलं की मेंदूत मध्येच विजेचा खेळ होतो आणि थोड्या वेळात थांबतो. सकाळी एक गोळी, रात्री एक. चुकवायची नाही. झोप पूर्ण घ्यायची. बाकी सगळं करायचं, शाळा पण, खेळ पण. पोहायचं तर सोबत कुणीतरी पाहिजे.

आई-बाबांनी ठरवलंय की शाळेत सांगायचं नाही. बाबा आधी म्हणत होते सांगू या. आई म्हणाली, ‘एकदा सांगितलं की परत घेता येत नाही.’ मग बाबांनी मान्य केलं.

मला गोळीचं काही वाटत नाही. मला एकच गोष्ट विचित्र वाटते. सगळ्या शाळेने मला पाहिलं, फक्त मीच पाहिलं नाही. मी प्रार्थनेत उभी होते आणि मग ऑफिसमधल्या सोफ्यावर होते. मधलं माझ्याकडे नाहीच.

तुला हातापायाचं कसं माहीत होतं?

तेजू


उदगीर
२२ जुलै २०२४

तेजू,

हे अंबाजीला विचारून लिहिते आहे. तो म्हणाला, ‘लिही की. आता लपवून कुणाचं लग्न जमवायचं आहे?’

तुझ्या मामाआजोबाला तेच होतं. आम्ही आकडी म्हणायचो. चौथीत असताना वर्गात पडला. गुरुजी चांगले होते, पण बाकीच्या पोरांच्या आया शाळेच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी आमच्या वडिलांनी अंबाजीचं दप्तर खुंटीला लावलं, ते तिथंच राहिलं. तो हुशार होता माझ्यापेक्षा. पाढे मी त्याच्याकडून शिकले.

पुढं मोठेपणी लातूरच्या डॉक्टरांच्या गोळ्या लागू पडल्या. कित्येक वर्षांत त्याला काही झालेलं नाही. पण तोवर सगळ्यांना सवय लागली होती. विहिरीवर नको, बाजारात एकटा नको, लग्नाला नको, तिथं पडला तर? आकडी गेली, पण ‘नको’ काही गेलं नाही. तू लहानपणी विचारायचीस ना, मामाआजोबा आमच्याकडे का येत नाहीत? म्हणून येत नाहीत.

तुझ्यासाठी घाबरायचं कारण नाही. तेव्हा डॉक्टर नव्हता, आता आहे. गोळी चुकवू नको. फक्त मला वाटतं, दिवसभर तू ज्यांच्याजवळ असतेस त्यातल्या एका तरी मोठ्या माणसाला हे माहीत असावं. मी हे तुझ्या आईला लिहिणार नाही. सासूनं सांगितलेलं कडू लागतं. तू बोलून बघ.

आजी


विद्यानगर, हैदराबाद
१८ ऑगस्ट २०२४

आई, नमस्कार करते.

हे पत्र तेजू नाही, मी लिहिते आहे. ती बरी आहे, आधी तेच सांगते.

मंगळवारी तिला वर्गात पुन्हा फिट आली. मधली सुट्टी संपत आली होती, शिक्षक वर्गात नव्हते. मुलं ओरडत बाहेर पळाली. कुणी पाणी ओतलं, कुणी नाकाला बूट लावला. कुलदीप म्हणून एक मुलगा आहे, त्याने डब्यातला चमचा घेऊन तिच्या दातांत घातला. जीभ चावू नये म्हणून म्हणे. तेजूचा पुढचा दात तुटला आणि त्या मुलाचं बोट तिच्या दातांत सापडलं. टाके पडले.

आता शाळेत सगळीकडे झालंय की तेजश्री चावली, आणि ती ज्याला चावते त्याला पण फिट येते. मुलांच्या मोबाइलवर हेच फिरतंय. मानसीच्या आईने तिचा बाक बदलून घेतला. कुलदीपच्या आईने ऑफिसमध्ये येऊन तक्रार केली की अशा मुलीला शाळेत का ठेवता. प्रिन्सिपल मॅडम शांतपणे म्हणाल्या, पूर्ण बरी झाल्याचं डॉक्टरांकडून लिहून आणा, मग पाठवा. आमच्या डॉक्टर म्हणतात, ती शाळेत जाऊ शकते असं मी आज लिहून देते, पण ‘पूर्ण बरी’ असं कुणीच लिहू शकत नाही.

तेजूने तुम्हाला सगळं कळवलं होतं हे मला आता समजलं. मी रागावलेले नाही. मी सांगितलं नाही कारण मुलीच्या नावाला असं काही चिकटलं की ते सुटत नाही. अजूनही मला तसंच वाटतं. शाळा बदलावी असं मनात आहे. तेजू दिवसभर गॅलरीत बसून असते. मी स्वयंपाक करते आणि माझ्या डोक्यात एकच फिरत असतं, त्या मुलाने चमचा घातला नसता तर माझ्या पोरीचा दात तुटला नसता.

मामांना नमस्कार.

चारुलता


उदगीर
२३ ऑगस्ट २०२४

चारुलता,

तेजू बरी आहे हे तू पहिल्या ओळीत लिहिलंस, बरं केलंस. पुढचं वाचायला हात स्थिर राहिला.

दाताचं वाईट वाटलं. पण दात बसवता येतो.

त्या पोराचं बोट कसं आहे? तुझ्या पत्रात ते नाही.

तू लिहिलंस, पोरं ओरडत बाहेर पळाली. मग हा एकटा आत राहिला ना? त्यानं चुकीचं केलं, पण त्याला बरोबर काय ते कुणी सांगितलं होतं? आमच्या अंबाजीच्या वेळी वर्गात एकही थांबलं नव्हतं. ते तो अजून बोलतो. आकडीचं बोलत नाही, थांबलं नव्हतं हे बोलतो.

जमलं तर जाऊन बोटाची चौकशी करून या. भांडायला नाही आणि माफी मागायलाही नाही. नुसती चौकशी. शाळा बदलायची तर त्यानंतर बदला. मी आड येणार नाही.

आई


विद्यानगर, हैदराबाद
४ सप्टेंबर २०२४

आजी,

तुझं पत्र आईने फ्रिजवर ठेवलं होतं. दोन दिवस तिथेच होतं. मग रविवारी सकाळी ती एकदम म्हणाली, ‘चला, सुलतान बाजारला जायचंय.’ बाबांना वाटलं, कपडे घ्यायचे आहेत.

कुलदीपचं सुलतान बाजारमध्ये कापडाचं दुकान आहे आणि वरच्या मजल्यावर घर. ते लोक पण मराठीच आहेत, खूप आधीपासून इथले. दुकानात पांढऱ्या गाद्या अंथरलेल्या असतात, त्यावर बसूनच कापड दाखवतात. कुलदीप कोपऱ्यात बसला होता, बोटाला हे एवढं बँडेज. मला बघून त्याने हात मागे लपवला. मला फार वाईट वाटलं. त्याला वाटलं असेल, मी परत चावते की काय.

त्याची आई, वंदनाकाकू, उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, ‘आता कशाला आलात?’

आई म्हणाली, ‘बोट कसं आहे ते विचारायला.’

काकूंच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. म्हणाल्या, ‘टाके काढले. पण मला खरं सांगा ताई, याला पण ते होणार का? रोज झोपला की मी याच्याकडे बघत बसते.’

आजी, म्हणजे त्या रागावल्या नव्हत्याच. घाबरल्या होत्या. आईसारख्याच.

बाबांनी समजावून सांगितलं की हे लागत नाही, चावून नाही, थुंकीने नाही, डब्यातलं खाऊन पण नाही. काकूंनी ते दोनदा विचारलं आणि बाबांनी दोनदा सांगितलं.

मग मी कुलदीपला विचारलं, ‘तू बाकीच्यांसारखा पळाला का नाहीस?’

तो म्हणाला, ‘पळणारच होतो. पण तू मरून राहिली वाटलं ना. कुणी तर पाहिजे की. आमची दादी बोलायची, जीभ गिळून टाकतात, चमचा घालायचा. म्हणून घातला.’

‘तू मदतच केलीस,’ मी म्हणाले. ‘पण चुकीची केलीस.’

‘मग बरोबर कोणती?’ काकूंनी विचारलं.

आणि आजी, आई गादीवर बसली. आपली आई! तिने कुलदीपला आडवा व्हायला सांगितलं. कापडाची एक घडी घेऊन डोक्याखाली ठेवली, त्याला कुशीवर वळवलं, कॉलरचं बटन सोडलं. म्हणाली, ‘आजूबाजूचं टोकदार काही असेल ते सरकवायचं. तोंडात काही घालायचं नाही, पाणी पण नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. घड्याळ बघायचं, आणि ती उठेपर्यंत जवळ बसायचं. पाच मिनिटांत थांबलं नाही तर अँब्युलन्सला फोन. एवढंच.’ दुकानात साड्या बघायला दोन बायका आल्या होत्या, त्या पण बघत होत्या. एक म्हणाली, ‘अम्मा, परत एकदा दाखवा.’ आईने परत दाखवलं. कुलदीप शहाण्यासारखा दोन्ही वेळा पडून राहिला.

‘एवढंच?’ काकू म्हणाल्या. ‘आणि मी याच्यासाठी ऑफिसात जाऊन आले?’

सोमवारी त्या स्वतः आईबरोबर शाळेत आल्या. प्रिन्सिपल मॅडमना म्हणाल्या, तक्रार मीच केली होती, ती मीच परत घेते. डॉक्टर मॅडमची चिठ्ठी होतीच. प्रिन्सिपल मॅडमनी ती दोनदा वाचली. मग म्हणाल्या, मलाही यातलं फारसं माहीत नव्हतं. मी उद्यापासून शाळेत जाणार आहे. ज्योती टीचरना सगळं सांगितलंय. त्या म्हणतात, नुसतं मला माहीत असून उपयोग नाही, सगळ्या वर्गांना सांगू या. तुझी तयारी असेल तरच.

मी अजून हो म्हटलेलं नाही. मामाआजोबांना विचार, त्यांनी काय केलं असतं?

तेजू


उदगीर
१२ सप्टेंबर २०२४

तेजू,

तुझं पत्र मी अंबाजीच्या हातात दिलं आणि तुझा प्रश्न बोट ठेवून दाखवला. तो अंगणात गेला. संध्याकाळी पाटीवर मला लिहून दाखवलं, कारण ओरडून सांगायची ही गोष्ट नव्हती: ‘ती बोलणार असेल तर मी मागं बसेन. शाळेत म्हाताऱ्याला आत घेतात का विचार.’

मी म्हटलं, माझा गुडघा काही मला गाडीत चढू देणार नाही. तो म्हणाला, मग एकटा जातो.

तेजू, हा माणूस एकटा लातूरला गेलेला नाही. मी रात्रभर विचार केला आणि सकाळी हो म्हटलं. इथं मी त्याला गाडीत बसवून देते. तिथं विकासनं उतरवून घ्यावं. मधला प्रवास त्याचा.

गोळ्या त्याच्या खिशात असतील. तुझ्या आईला सांग, तो तिखट खात नाही, पण लाजून खातो.

आजी


विद्यानगर, हैदराबाद
२९ सप्टेंबर २०२४

आजी,

मामाआजोबा नीट पोचले. गाडीतून उतरले ते हसतच. डब्यात एका मुलाने त्यांना खिडकी दिली म्हणे आणि त्यांनी त्याला सगळा रस्ता आपल्या उदगीरच्या किल्ल्याचं सांगितलं.

शुक्रवारी कार्यक्रम झाला. मोठ्या सभेत नाही. मीच म्हणाले, सभेत नको, तिथेच मी पडले होते. म्हणून लायब्ररीत एकेक वर्ग बोलावला. डॉक्टर मॅडम आल्या होत्या. आधी मी बोलायचं होतं. मी लिहून नेलेलं सगळं विसरले आणि नुसतं म्हणाले, ‘मी तेजश्री. मला फिट येते. ती आली की मला काही कळत नाही. त्यामुळे तेव्हा काय करायचं ते तुम्हाला माहीत पाहिजे.’ मग बसले.

पेशंट कुलदीप झाला. आजी, तो असा काही तडफडला की सहावीची मुलं हसून लोळली. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, ‘बेटा, एवढं नाही.’ मी पण हसले. पहिल्यांदाच मला ते दिसलं ना, म्हणजे ते बाहेरून कसं दिसत असेल ते. मला वाटलं होतं, बघवणार नाही. पण बघवलं.

मुलांनी प्रश्न विचारले. झोपेत येते का? परीक्षेत आली तर? नववी ‘ब’ मधला एक जण म्हणाला, लग्न होतं का? ज्योती टीचर रागावणार होत्या, पण डॉक्टर मॅडमनी सांगितलं की होतं, आणि मुलंही होतात. सहावीतली एक छोटी मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, ‘मला दमा आहे. मी माझा पंप बाथरूममध्ये जाऊन घेते, कुणी बघू नये म्हणून.’ मग तिच्या शेजारची म्हणाली, ‘पागल, इथेच घे ना.’

मामाआजोबा मागच्या बाकावर बसले होते, टोपी मांडीवर ठेवून. शेवटच्या वर्गात एका मुलाने मला विचारलं, ‘तुला भीती वाटते का?’ तेव्हा मामाआजोबाच उठले. मी त्यांना सांगितलं नव्हतं, कुणीच सांगितलं नव्हतं. उदगीरच्या बाजारात बोलतात तसं, सगळ्यांना कळेल असं बोलले, ‘बेटा, मैं भी ऐसाच था. आकडी की डर कभी नै लगी, वो तो मेरे कू दिखीच नै. आँख खोला तो कोई नै रहता था. उसकी डर लगी.’ मग खाली बसले.

आजी, त्या मुलाने जाऊन मामाआजोबांशी हात मिळवला. मग बाकीचे उठले. रांग लागली. लायब्ररी टीचर म्हणाल्या घंटा झाली, पण कुणी ऐकलं नाही.

मानसी पण रांगेत होती. माझ्या बाकावर मात्र ती आली नाही, आईने नको सांगितलंय म्हणाली. ठीक आहे. डबा आम्ही एकत्र खातो.

आईने मामाआजोबांसाठी बिनतिखटाची आमटी केली. त्यांनी वरून मिरची मागितली.

तेजू


उदगीर
८ ऑक्टोबर २०२४

तेजू,

तुझं पत्र वाचून मी देवापुढं दिवा लावला आणि नंतर खूप वेळ काही काम केलं नाही. वर्गात कुणी थांबलं नाही, एवढंच तो बोलायचा; त्याची भीती वाटायची, हे साठ वर्षं एका घरात राहून तो मला बोलला नव्हता. त्याला वाटलं असेल, बहिणीला लागेल. लागलंच. पण बरं झालं कळलं.

आता दुसरी गोष्ट. दोन दिवसांसाठी म्हणून गेलेला माणूस कुठं आहे? विकासनं कळवलं की तो रोज सकाळी एकटा चिक्कडपल्लीच्या बाजारात जाऊन भाजी आणतो आणि भाव करायला तेलुगू शिकतो आहे. त्याला म्हणावं, राहा हवं तितकं. इथली तुळस मी बघते. दसरा तिकडंच कर. फक्त गोळ्या संपत आल्या असतील, त्या आठवणीनं घे.

तुझा दात बसवला का? बसवायच्या आधी एक फोटो पाठव. तुटलेल्या दाताची पोरगी मला बघायची आहे.

आजी


विद्यानगर, हैदराबाद
२ फेब्रुवारी २०२५

आजी,

घाबरू नको, मी बरी आहे. गुरुवारी परत आली. इतक्या महिन्यांत आली नव्हती, म्हणून मला वाटायला लागलं होतं की गेलीच. डॉक्टर मॅडमनी गोळी थोडी वाढवली आहे. म्हणाल्या, असं होतं, आपण मिळून ठरवत जाऊ. आई त्या दिवशी शाळेत पळत आली नाही. ज्योती टीचरनी फोन केला तेव्हा तिने विचारलं, ‘किती वेळ होती?’ आणि मग म्हणाली, ‘बरं, उठल्यावर तिला सांगा, मी चारला न्यायला येते.’ बाबा म्हणतात, फोन ठेवल्यावर ती खुर्चीत बसून राहिली होती. पण चारलाच आली.

बाकीचं मला कुलदीपने सांगितलं. गणिताचा तास होता. मी बाकावरून सरकायला लागले तेव्हा दोघांनी मला धरून खाली ठेवलं, कुशीवर. कुणीतरी बाक ओढले. टीचरनी त्यांचा दुपट्टा माझ्या डोक्याखाली दिला. कुलदीप घड्याळ बघून मोठ्याने मिनिटं सांगत होता, तर टीचर म्हणाल्या, हळू सांग, क्रिकेटची कॉमेंट्री नाही. कुणी ओरडलं नाही. कुणी बाहेर गेलं नाही. थांबलं तेव्हा मी झोपले, आणि त्यांनी मला तिथेच झोपू दिलं.

मी डोळे उघडले तर आधी मला पंखा दिसला. मग पाय दिसले, खूप पाय, सगळे आपापल्या जागी. माझ्याजवळ जमिनीवर तीन-चार जण वही घेऊन बसले होते. टीचर हळू आवाजात शिकवत होत्या. फळ्यावर एक मोठं वर्तुळ होतं.

मी विचारलं, ‘काय झालं?’

कुलदीप वहीतून डोकं न काढता म्हणाला, ‘काही नाही. वर्तुळ चाललंय. उठू नको अजून, तुझ्यासाठी पण उतरवून घेतोय.’

तेजू